काखेतला कॅमेरा

उभ्या हयातीत ज्यानं एकही हललेलं चित्र काढलं नाही, त्याला हललेल्या चित्राबद्दल नावाजलं जावं, यासारखा वैताग नाही. स्टँडकाकांच्या वाट्याला तो आला, आणि आला तोही निवृत्ती दिसू लागल्यावर, जेव्हा माणसाला नवीन वैताग ओढवून घ्यायची हौस उरलेली नसते.

स्टँडकाका हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. शहरातल्या बातम्यांच्या एका छोट्या वाहिनीत ते कॅमेरामन होते, आणि तीन पायांच्या स्टँडवर चढवल्याशिवाय त्यांनी कॅमेरा कधी चालवला नाही. स्टँडच्या डोक्यावर काचेची एक बारीक डबी असते, तिच्यात एक बुडबुडा. तो मधोमध येईपर्यंत काका कोणाचं ऐकत नसत. समोर मंत्री ताटकळत असो की गोदामाला आग लागलेली असो. "आग काही पळून जात नाही," असं ते एकदा म्हणाले, आणि बुडबुडा मधोमध येईस्तोवर बंबवाल्यांनी ती विझवूनही टाकली. वाहिनीतले लोक सांगत, काकांच्या लग्नाला उशीर झाला, कारण नवरदेव फोटोवाल्याचा स्टँड सरळ करत बसले होते. त्यावर काकू म्हणत, "उशीर कसला झाला? झाला असता तर मला विचार करायला वेळ तरी मिळाला असता."

काकांच्या चित्रात कधी कोणाचं डोकं कापलं गेलं नाही, कुठली इमारत कलली नाही. याचं कौतुक मात्र कोणी केलं नाही. सरळ भिंत पाहून गवंड्याला कोणी शाबासकी देत नाही, तसंच ते. लोक चित्रातला माणूस पाहत, चित्र पाहत नसत. काकांना तेच हवं होतं.

मग जुनी मंडई बंद व्हायचा दिवस आला.

मंडई पाडून तिथं मोठी इमारत व्हायची होती. भाजीवाल्यांना गावाबाहेर नव्या गाळ्यांत जागा मिळाली होती. नगराध्यक्षांचं भाषण होतं, कुलूप लावायचा कार्यक्रम होता. काका कॅमेरा आणि स्टँड घेऊन गाडीतून उतरले, आणि चूक तिथंच झाली.

कॅमेऱ्यावर लाल बटण एकच असतं. एकदा दाबलं की चित्रण सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरू असलं की पुढं एक दिवा लागतो आणि डोळा लावायच्या भिंगात लाल ठिपका दिसतो. पुढच्या दिव्यावर काकांनी काळी पट्टी चिकटवली होती, कारण दिवा दिसला की माणसं ताठ होतात. सगळेच जुने कॅमेरामन ती चिकटवतात. भिंगातला ठिपका बरेच महिने मेलेला होता. काकांनी त्याबद्दल तक्रार केली होती, एकदा नाही, वारंवार. "तुम्हाला ठिपका कशाला लागतो काका," असं त्यांना सांगण्यात आलं होतं, "तुम्ही झोपेतसुद्धा बटण बरोबर दाबाल."

त्या दिवशी गाडीतून उतरताना बॅगेच्या बकलानं ते बटण आधीच दाबलं. कॅमेरा सुरू झाला आणि काकांना कळलं नाही. पुढं दिवसभर काका सुरू करायला बटण दाबत तेव्हा कॅमेरा बंद होई, आणि बंद करायला दाबत तेव्हा सुरू होई. त्यांनी स्टँड लावला, बुडबुडा मधोमध आणला, नगराध्यक्षांचं सगळं भाषण घेतलं, रिकाम्या ओट्यांची रांग घेतली, कुलूप घेतलं. यातलं काही म्हणता काही टिपलं गेलं नाही. टिपलं गेलं ते मधलं. म्हणजे भाषण संपलं, आता कॅमेरा काखेत मारायचा, दुसऱ्या हातात स्टँड घ्यायचा आणि पुढच्या जागी जायचं, ते सगळं जाणंयेणं.

वाहिनीत चित्रं कापून जोडायचं काम करणाऱ्या बाईंना सगळे कात्री म्हणत. ते कामामुळं की जिभेमुळं, हे कोणी विचारायला गेलं नाही. काकांनी कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी पडद्यावर लावलं आणि थोडा वेळ पाहिलं.

"काका, हे काय आणलंत?"

"मंडई."

"यात मंडई कुठंय? पाय आहेत."

काकांनी वाकून पाहिलं. पडद्यावर पायच होते. हमालांच्या भेगाळलेल्या टाचा, सडकी कोबीची पानं, फरशीवरून ओढत नेलेला तराजू, मग आकाश, मग पुन्हा पाय. सगळं तिरकं, डुगडुगणारं. काका मागच्या खुर्चीत बसले. 

"भाषण?"

"भाषण नाही. भाषणाआधी नगराध्यक्ष विचारतायत, घाम दिसतोय का माझा. तेवढं आहे."

"मेलो," काका म्हणाले.

"मरा, पण बाहेर जाऊन. मला बातम्यांच्या आत हे उरकायचंय. चहा घेऊन या. खरं म्हणजे येऊच नका, मी बोलावीन."

काका बाहेर बाकावर बसून राहिले. आत कात्रीबाई एकेक तुकडा ऐकत होत्या, कारण पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ऐकण्यासारखं होतं. कॅमेरा काखेत असताना माणसं त्याला घाबरत नाहीत. दोन भाजीवाल्या म्हाताऱ्या, एकमेकींच्या शेजारी सारा जन्म बसलेल्या, सामान बांधताना बोलत होत्या.

"तुला कुठला गाळा आला गं?"

"पलीकडच्या रांगेत. तुला?"

"या अंगाला."

"म्हणजे तुझ्याकडे सुट्टे मागायचे झाले तर आता ओरडावं लागणार."

"तू कधी परत दिलेस म्हणून आता ओरडशील."

चित्रात फक्त दोन टोपल्या आणि चार पावलं. मग त्यातली दोन पावलं एका बाजूला गेली, दोन दुसऱ्या बाजूला. बाईंनी शेवट तिथं केला. मधे काकांचाच कुरकुरणारा आवाज होता, "या फरशा बसवणाऱ्याला कोणी शाळेत घातलं नव्हतं का," तोही त्यांनी ठेवला.

बातम्यांच्या प्रमुखांना, म्हणजे साहेबांना, कात्रीबाईंनी एवढंच सांगितलं, "काकांनी या वेळी जरा वेगळं करून पाहिलंय." काकांची इज्जत त्या एका वाक्यानं वाचली. कार्ड नेहमीसारखं पुसून दुसऱ्या दिवशीच्या कामाला गेलं. काय घडलं हे आता दोघांनाच माहीत होतं.

घरी काका टीव्हीपाशी उभे राहिले होते, बातमी लागली की बंद करता यावा म्हणून. काकूंनी त्यांचा हात धरून बाजूला केला आणि सगळं पाहिलं. शेवटी पदर डोळ्याला लावला.

"अहो, हे तुम्ही काढलंत?"

"मी नाही. कॅमेऱ्यानं काढलं. मी त्याला नेत होतो फक्त."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुमचं काम आवडलं," काकू म्हणाल्या. काका त्या रात्री जेवले नाहीत म्हणायला हरकत नाही.

इथवर प्रकरण मिटलं असतं. पण वाहिनीच्या दारात शिरल्या शिरल्या काचेचं एक कपाट होतं, आणि मालकांचा जीव त्या कपाटात होता. जिल्ह्यातल्या स्थानिक वाहिन्यांची एक संघटना दरवर्षी पुरस्कार देई. मिळालेली सन्मानचिन्हं मालक त्या कपाटात मांडत आणि येणाऱ्या प्रत्येकाला, वीजबिलवाल्यालासुद्धा, दाखवत. कपाटात ज्याचं नाव, त्याच्या नोकरीला मालक हात लावत नसत. हवामान सांगणाऱ्या बाईंना कधी काळी एक चिन्ह मिळालं होतं. तेव्हापासून त्या कडक उन्हात लोकांना छत्री घ्यायला सांगत आल्या, पण त्यांच्या जागेला कोणी विचारलं नाही.

आणि त्याच महिन्यात मालकांनी ठरवलं की बातमीदारांनी आपापल्या बातम्या फोनवरच कापाव्यात. कात्रीबाईंचा करार महिनाअखेर संपत होता, तो पुढं वाढवायचा नाही. तसं त्यांना सांगूनही झालं.

"शहरात वाहिन्या दोन," बाई काकांना म्हणाल्या. "दुसरीनं तर माणसं काढायला आपल्याही आधी सुरुवात केलीय. आणि मला दुसरं येतं काय? मी घरी भेंडी चिरते तीसुद्धा शेवटचा तुकडा कुठं संपवायचा याचा विचार करत."

काकांच्या मनात एकच आलं. या बाईंनी आपली लाज राखली, आणि त्यांचीच जागा जातेय. तेवढ्यात संघटनेचं पत्रक आलं. 'जुन्या मंडईचा शेवटचा दिवस' ही बातमी अंतिम फेरीत. सर्वोत्कृष्ट छायाचित्रण. नाव काकांचं.

काका तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, ते चित्रण माझं नाही."

"कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

"हातात नव्हता. काखेत होता."

"बघा," साहेब खूश होऊन म्हणाले. "काखेत धरून चित्रण करायचं कोणाला सुचलं असतं?"

"सुचलं नाही हो, चुकलं. बटण उलटं पडलं. जे घ्यायचं ते आलं नाही, जे यायला नको ते आलं."

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, साऱ्या दुनियेचं बटण उलटं पडेल. तुमचं पडणार नाही. एवढा विनय बरा नाही."

"विनय नाही साहेब, खरं सांगतोय. ती बातमी कात्रीबाईंनी केली. त्यांचं नाव संकलनात पाठवा, म्हणजे त्यांची जागा राहील."

"संकलनात मालकांच्या भाच्याचं पाठवलंय. वर्धापनदिनाची जाहिरात केली होती ना त्यानं, ती. आणि आता मुदतही संपली. तुम्ही जा, कोटाला इस्त्री करा."

काका बाहेर आले ते दात खाऊन. आयुष्यभर सरळ काम केलं त्याचं फळ हे, की एक चूक केली तर ती चूक आहे हे कोणी मानायला तयार नाही. त्यांनी बातमीदारांना सांगितलं, ते हसले. हवामानवाल्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मीही पहिल्यांदा असंच म्हणाले होते." ड्रायव्हरला सांगितलं, तो म्हणाला, "काका, मला बोलून दाखवलंत ते दाखवलंत, दुसऱ्या कोणाला सांगू नका, खोटं वाटतं."

कात्रीबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"काय बोंबलत फिरताय? मी तेव्हा झाकलं ते कशाला? तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे की. पण जात नाही ना. तेच तर दुखणं आहे."

"पुरस्कार घ्या आणि गप्प बसा. माझं मी बघेन."

"काय बघाल? भेंडी?"

बाई हसल्या नाहीत. काकांनाही मग बोलल्याचं वाईट वाटलं.

घरी वेगळाच सोहळा चालला होता. काकूंनी कोट बाहेर काढून गॅलरीत वाळत घातला होता आणि भावाला फोनवर सांगत होत्या, "हो रे दादा, छायाचित्रणाचा. हो, त्यांनाच. मलाही खरं वाटलं नव्हतं."

"मेहुण्यांना सांग, खरं नाहीच ते," काका बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले.

"दादा, हे म्हणतायत खरं नाही. हो ना, असेच आहेत पहिल्यापासून." काकूंनी फोन ठेवला. "एकदा तरी चारचौघांत मिरवू द्या मला. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काय होतं? ह्यांचा बुडबुडा मधोमध आला, असं सांगू लोकांना?"

"त्या बाईची नोकरी चाललीय अगं."

काकू थांबल्या. "मग नोकरीचं बघा. पण पुरस्कार परत करायचं खूळ कशाला? तुम्ही परत केलात म्हणून तो तिच्या दारात जाणार आहे का?"

हे खरं होतं. पण काकांना ते मुळापासून तपासून पाहायचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते संघटनेच्या कचेरीत गेले. कचेरी एका गाद्यांच्या दुकानावर होती. जिना चढताना कापसाचे तंतू नाकात जात. चिटणीस हे जुने वृत्तनिवेदक. आवाज असा भरदार, की त्यांनी "बसा" म्हटलं तरी ठळक बातम्या सुरू झाल्यासारखं वाटे.

काकांनी सगळं सांगितलं. बकल, बटण, मेलेला ठिपका, कात्रीबाई. चिटणिसांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणून म्हणतो, नाव छायाचित्रणातून काढून संकलनात टाका. निकाल अजून लागायचाय ना?"

"निकाल लागायचा आहे," चिटणीस म्हणाले. "नावं कोरून झाली आहेत."

त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्यांकडे बोट केलं. एका खोक्याचं झाकण उघडं होतं. काकांनी वाकून पाहिलं. वरच्याच चिन्हावर त्यांचं नाव होतं, चकचकीत.

"पण मग बाकीचे लोक अंतिम फेरीत आहेत, त्यांचं काय?"

"त्यांना दुसऱ्या विभागात चिन्हं आहेत. प्रत्येक सभासद वाहिनीला एक चिन्ह जातंच. नाही गेलं तर ती वाहिनी संघटना सोडते आणि आपली वेगळी काढते. तसं एकदा झालेलं आहे. संकलनाचं चिन्ह या वर्षी दुसऱ्यांकडे गेलं, तुमच्या वाट्याला छायाचित्रण आलं. ते तुम्ही नाकारलंत तर तुमच्या मालकांना काहीच नाही. त्यांना सांगाल तुम्ही?"

काकांनी खोक्याचं झाकण लावून टाकलं.

"आणि परीक्षकांचं मत तर वाचा." चिटणिसांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि बातमीपत्राच्या सुरात वाचलं, "'मान खाली घातलेल्या या कॅमेऱ्यानं एका शहराची शरम टिपली आहे.'"

"मान कुठून घालणार तो? माझ्या काखेत होता."

चिटणिसांनी कागद खाली ठेवला. "हे वाक्य समारंभात नक्की बोला. फार छान आहे."

काका जिना उतरले आणि गाद्यांच्या दुकानापुढं बराच वेळ उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, काही दाखवू का. "नको," काका म्हणाले, "झोप लागेल अशी गादी नसते."

तरी एक वाट उरली होती. समारंभ. चार माणसांना खाजगीत सांगितलं तर ती विनय समजतात, पण भरल्या सभेत ध्वनिक्षेपकावर सांगितल्यावर काय समजतील? आणि मालक पहिल्या रांगेत असणार. नाव घेऊन सांगायचं, एकदाचं.

समारंभ दुपारी होता. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून शहरातल्या दोन्ही वाहिन्यांनी आपापली सगळी माणसं आणून बसवली होती, त्यात कात्रीबाईही होत्या, शेवटून दुसऱ्या रांगेत. काकूंच्या शेजारी त्यांचे दादा. दर पुरस्काराला एक शाल, एक चिन्ह आणि एक फोटो. मालकांच्या भाच्याला काही मिळालं नाही, कारण वाहिनीचं एक चिन्ह काकांकडे होतं. भाचा काकांकडे बघत होता ते पाहण्यासारखं नव्हतं.

काकांचं नाव पुकारलं गेलं. ते चढले, चिन्ह हातात घेतलं, ते टेबलावर ठेवलं, आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. 

"हे चित्रण मी केलेलं नाही. त्या दिवशी माझं बटण उलटं पडलं. मी भाषण घेतलं, ते आलं नाही. मी नुसता चालत होतो, ते आलं. कॅमेरा माझ्या काखेत होता. मला काही माहीत नव्हतं. त्या कचऱ्यातून बातमी केली आमच्या कात्रीबाईंनी, त्या मागं बसल्यात. हा पुरस्कार त्यांचा आहे. मी थट्टा करत नाही."

सभागृह आधी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या. 'थट्टा करत नाही'वर तर फारच हसले. काका थांबले, पुन्हा म्हणाले, "अहो, खरं सांगतोय," आणि टाळ्या वाढल्या. चिटणिसांनी पुढं होऊन ध्वनिक्षेपक ताब्यात घेतला. "ज्येष्ठांनी आपल्या सहकाऱ्यांना असं मोठं करावं," ते भरदार आवाजात म्हणाले, "यातच त्यांचं मोठेपण असतं." पहिल्या रांगेत मालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लोकांनी वळून कात्रीबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली, आणि तेही सगळ्यांना गोड वाटलं.

काकूंचे दादा बाहेर म्हणाले, "भाषण झकास. पाठ केलं होतं का?"

काका पायऱ्या उतरून घराच्या दिशेनं चालू लागले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. चिन्ह कपाटात जाऊन बसलं होतं, हवामानाच्या शेजारी. मालक इतके खूश होते की त्यांनी काकांना आपल्या हातानं खुर्ची दिली.

"काका, काल काय बोललात. 'कॅमेरा माझ्या काखेत होता.' मला रात्रभर आठवत होतं. आता असं करा, दर आठवड्याला असं एक द्या. 'काखेतून शहर.' नाव मीच काढलंय. कसं आहे?"

 नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. चित्र हललं की मला बघवत नाही मालक, असं सांगायचं होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं की गेले कित्येक दिवस आपण खरं सांगतोय आणि खरं कोणाच्या पचनी पडत नाही. यांच्या पोटात काय जातं ते एकदा घालून तर पाहू. काकांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी आधी घसा साफ केला.

"जमेल," ते म्हणाले. "पण एक अडचण आहे."

"बोला ना."

"हे चित्रण साधं नसतं. मी पाऊल टाकतो तेव्हाच माझ्या मनात असतं की कात्रीबाई इथं कापतील. त्यांचा हात धरून मी चालतो, म्हणजे मनातल्या मनात. दुसऱ्या कोणाला ते कापता यायचं नाही. त्या नसल्या तर माझ्यानं कॅमेरा काखेत धरवणार नाही."

मालक पुढं झुकले. "अस्सं. म्हणजे ही जोडी आहे तर."

"जोडी आहे."

"फोनवर नाही व्हायचं हे?"

"फोनवर?" काकांनी असा चेहरा केला की मालकांनाच विचारल्याचं ओशाळवाणं वाटलं.

"बरं बरं. त्यांचा करार वाढवायला सांगतो. पण काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

काका खुर्चीतून उठले. "राहून गेलं," ते म्हणाले.

कात्रीबाईंना ही बातमी त्यांनी जिन्यात दिली. बाईंनी ऐकलं, पायरीवर बसल्या, आणि हसू की रडू असा चेहरा करून म्हणाल्या, "काका, पण म्हणजे तुम्हाला आता दर आठवड्याला..."

"हो. माहीत आहे मला. तुम्ही सांगू नका."

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. पाणीपट्टीच्या कचेरीत काका कॅमेरा काखेत धरून हिंडून आले. कात्रीबाईंनी पडद्यावर लावलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे सरळ आलंय."

"मग वाकडं आणू?"

"वाकडंच हवंय. आणि हे बघा, कोणी बोलतच नाही. तुम्ही असे दबकत चाललात की सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. काखेत घेतलाय, पण तुमचा सगळा जीव काखेत आहे."

"मग काय करू? त्या दिवशी मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माहीत असलेलं विसरायचं कसं, ते सांगा."

बाईंनी विचार केला. त्या कापणाऱ्या बाई होत्या, कुठलं काय जोडल्यावर काय होतं हे त्यांना कळे. "त्या दिवशी तुमचं लक्ष कुठं होतं? पुढच्या जागी. कॅमेरा कुठं लावायचा, उजेड कुठून येतो. मग तेच करा. स्टँड न्या. नेहमीसारखं सगळं लावा, सगळं घ्या. फक्त तेव्हा बटण बंद ठेवा, आणि चालताना सुरू ठेवा."

"म्हणजे जे घ्यायचं ते घ्यायचं नाही."

"घ्यायचं. टिपायचं नाही."

काकांनी यावर दिवसभर चिडचिड केली. घरी केली, ड्रायव्हरपाशी केली, चहावाल्यापाशी केली. पण शनिवारी ते पुन्हा पाणीपट्टीच्या कचेरीत उभे होते. खिडकीपाशी रांग होती, वर एक पंखा, भिंतीवर एक बंद घड्याळ. त्यांनी स्टँडचे तीन पाय उघडले, एक वर केला, एक खाली केला, बुडबुडा मधोमध आणला. रांगेतली डोकी, खिडकीची चौकट, वरून येणारा उजेड, सगळं जिथल्या तिथं बसलं. इतकं देखणं चित्र त्यांना बऱ्याच महिन्यांत मिळालं नव्हतं. डोळा लावून ते पाहत राहिले.

रांगेतला एक माणूस पुढं आला आणि भिंगात डोकावला.

"चालू आहे का हो?"

"नाही," काका म्हणाले. "बंद आहे. जरा बाजूला व्हा, चित्रात येताय."